सोबतिणीचे मंत्र

आमच्या पथकात वैद्य व्हायला कुणी तयार नव्हतं. खेळाडू तिघंच, आणि तिघांनाही फक्त लढायचं होतं.

खेळ मुलीचा. ती शिकायला परदेशी गेली आणि तिच्या खोलीत जाडजूड नियमपुस्तकं आणि फाशांची एक मखमली पिशवी मागे राहिली. जाण्याआधीच्या सुट्टीत तिनं तो आम्हाला शिकवला होता, बहुधा तिच्या मागे आम्ही नवराबायकोनं एकमेकांचं डोकं खाऊ नये म्हणून. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि एकानं सूत्रधार व्हायचं. सूत्रधार गोष्ट सांगतो: समोर दरी आहे, पलीकडे राक्षस आहे, बोला, काय करता? खेळाडू आपापल्या पात्राचा बेत सांगतात आणि तो जमला की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर फजिती. सूत्रधार मी झाले. आमच्या घरात दुसरं कुणी होणं शक्यच नव्हतं, असं नवरा म्हणतो. ते कौतुक नाही हे मला कळतं.

दर रविवारी दुपारी जेवणं उरकली की कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्याच टेबलावर, हा खेळ चाले. नवरा चोर झाला होता. सिग्नल पिवळा दिसला की हा माणूस स्कूटर थांबवतो आणि मागच्यांच्या शिव्या खातो. खेळात मात्र तो लोकांच्या तिजोऱ्या फोडायचा आणि त्याचे डोळे चमकायचे. दुसरे वरच्या मजल्यावरचे सर. गणिताच्या शिकवण्या घेतात, आवाज इतका मऊ की मागच्या बाकावरच्यांना ऐकू जात नसणार. त्यांनी दोन हातांनी पेलायची कुऱ्हाड घेतली होती आणि भेटेल त्याचं मुंडकं उडवायची त्यांना घाई असे.

तिसरा माझा दादा. हडपसरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात त्यानं सगळी नोकरी काढली. सुटा भाग उजेडाकडे धरून तो केसाएवढा ओरखडा दाखवायचा आणि 'नापास' म्हणून बाजूला ठेवायचा. 'नापास' म्हणताना त्याला जो आनंद व्हायचा तो मी त्याच्या लग्नातसुद्धा त्याच्या चेहऱ्यावर पाहिला नाही. वहिनी गेल्यापासून तो शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर एकटाच राहत होता. आमच्याकडे राहायला ये म्हटलं की म्हणायचा, "कोथरूडला? आणि करू काय तिथे?" खेळायला मात्र यायचा. तो धनुर्धारी झाला होता.

"त्याला डोळे लागतात," तो म्हणाला होता. "तुमचं काम नाही ते."

पहिल्याच मोठ्या लढाईत तिघंही अर्धमेले झाले आणि जखमा बांधायला कुणी नाही हे लक्षात आलं. नियमपुस्तकात यावर तोड होती. अशा वेळी सूत्रधारानं आपलंच एक पात्र पथकाबरोबर पाठवावं. मी एका देवळातली पुजारीण तयार केली आणि पथकाला सोबतीण म्हणून दिली. टेबलावर तिच्या जागी बुद्धिबळातला पांढरा वजीर ठेवला. सगळे तिला 'बाई' म्हणू लागले.

आता यातली मेख अशी की सूत्रधाराला सगळंच माहीत असतं. चोरदरवाजा कुठे आहे, कुठल्या पेटीत साप आहे, सगळं. पहिल्या दिवशी माझ्या बाईंनी चोरदरवाजा शोधला, राक्षसानं घातलेलं कोडं सोडवलं आणि राक्षस आ वासून बघत असतानाच त्याच्यावर वीजही पाडली. मला वाटलं, मंडळी खूश होतील.

सरांनी कुऱ्हाडीवरचा, म्हणजे पेन्सिलीवरचा, हात काढला. "बाईंना सगळंच येतंय," ते मऊ आवाजात म्हणाले, "तर आम्ही घरी जाऊ का?"

"आपण घरीच आहोत," नवरा म्हणाला.

"हिचं पहिल्यापासून असंच," दादा म्हणाला. "माझ्याहून लहान, पण माझा गृहपाठ हीच तपासायची."

मला राग आला. गृहपाठात चुका असायच्या म्हणून तपासायचे. पण मंडळींचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि मुख्य म्हणजे ती पुढच्या रविवारी आली नसती तर मी कुणाला राक्षस दाखवणार होते? मी बाईंचे मंत्र नव्यानं निवडायला घेतले.

तो आठवडाभर मी दुसरं काही केलं नाही. कुकर लावायचा आणि शिट्ट्या होईपर्यंत नियमपुस्तक वाचायचं. वीज गेली, आग गेली, मारामारीचं सगळं गेलं. बाई फक्त मदत करणार. पण मदत म्हणजे नेमकं काय, यावर माझं घोडं अडलं. जखम भरण्याचा मंत्र घेतला, त्याबद्दल वाद नव्हता. पाठबळाचा एक मंत्र होता, त्यानं दुसऱ्याच्या फाशात थोडी भर पडायची. तोही घेतला, कारण त्यात काम ज्याचं त्यालाच करावं लागतं. वाट दाखवण्याचा मंत्र मात्र टाकून दिला, कारण वाट मला माहीत होती आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवलं नसतं. स्वतःला मी ओळखून आहे.

बाकीच्यांना विचारलं तर प्रत्येकाला स्वतःच्या सोयीचा मंत्र हवा होता. नवऱ्यानं अन्नपाणी शुद्ध करण्याचा मंत्र मागितला. त्याला पित्ताचा त्रास आहे, आणि खेळातल्या खाणावळीतलं कालवणसुद्धा त्याला बाधेल अशी त्याला भीती होती. दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याचा मंत्र सरांनी हात जोडून नाकारला. "तो नको. घरी होतो त्याचा वापर." त्याऐवजी त्यांना शांततेचा मंत्र आवडला. आखलेल्या वर्तुळात कुणाच्याही तोंडून आवाज फुटत नाही. बारावीच्या बॅचवर तो चालेल का, असं त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

दादाला मी फोन केला. म्हटलं, "उजेडाचा मंत्र घेऊ का? गुहेत बाण मारताना तुला बरं पडेल."

"मला दिसतं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

रविवारी मंत्र सगळ्यांना वाचून दाखवले. सर म्हणाले, मंत्र ठीक आहेत, पण खरा त्रास बाई काय करतात याचा नाही, कुणी न बोलावता करतात याचा आहे. म्हणून एक नियम ठरला. मागितल्याशिवाय बाई मदत करणार नाहीत. आणि मागायची ती रीतसर, बाईंना 'आपण' म्हणून, कारण त्या देवळातल्या परक्या बाई होत्या, घरच्या नव्हत्या. हा नियम एकमतानं मंजूर झाला. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरसुद्धा कधी एकमत झालेलं नाही.

झालं असं की त्यानंतर कुणी मदतच मागेना.

दलदलीत एका महाकाय सरड्यानं तिघांना फोडून काढलं. सरांच्या योद्ध्याचा जीव एका धाग्यावर लोंबत होता. सर म्हणाले, "थोडं खरचटलंय." नवऱ्याच्या चोराचा पाय मोडला होता, तो म्हणाला, "आधी सरांचं बघा." सर म्हणाले, "छे छे, त्यांचं आधी." दादाच्या पाठीत सरड्याचा दात होता, तो म्हणाला, "माझं मी बघतो." आणि बाई पोतडीभर मंत्र घेऊन चिखलात नुसत्या उभ्या. ही माणसं रस्त्यात अनोळखी माणसाला थांबवून त्याच्या स्कूटरचा स्टँड वर नाही हे ऐकवतील, रिक्षावाल्याला गाडी कशी चालवायची ते शिकवतील. मदत मागायची म्हटलं की यांची दातखीळ बसते. पत्ता विचारावा लागू नये म्हणून माझा नवरा कोथरूडातल्या कोथरूडात चकरा मारत बसतो.

शेवटी पित्तानं वाट दाखवली. नवऱ्यानं खाणावळीत घसा खाकरला आणि म्हणाला, "बाई, आपण जरा हे कालवण बघता का?" मग सरांचीही भीड चेपली. ते सरकारी अर्जाच्या भाषेत मागायचे. "बाई, आपल्याला सवड असल्यास आणि अन्य कुणाची गरज अधिक नसल्यास." त्यांना ते इतकं आवडायला लागलं की न झालेल्या जखमांसाठीही ते विनंती करू लागले.

दादानं मात्र कधीच काही मागितलं नाही.

याच सुमारास त्याचे अकरा सुरू झाले. फासा टाकायचा, हातात उचलायचा आणि म्हणायचा, "अकरा." कधी दहा, कधी बारा, पण बहुतेक अकराच. मला वाटलं, कंटाळला असेल. सरांना तसं वाटलं नाही. एका संध्याकाळी जिन्यात त्यांनी मला गाठलं.

"तुमच्या बंधूंचा फासा मला समजत नाही," ते म्हणाले. "इतके अकरा येत नसतात."

"म्हणजे तो खोटं सांगतो?"

"सांगत असणार. पण लबाडी करायची तर माणूस अठरा-एकोणीस सांगेल ना? अकरा सांगून कुणाचा काय फायदा?" हे कोडं त्यांना खरोखरच छळत होतं.

पुढच्या रविवारी मी गोष्ट सांगता सांगता दादाकडे बघत राहिले. फासा थांबला की तो पटकन त्यावर हात ठेवायचा, दुसऱ्या कुणी बघायच्या आत उचलायचा, डोळ्यांजवळ नेऊन थोडा फिरवायचा. मुलीचे फासे देखणे, गडद जांभळे, त्यावर सोनेरी बारीक आकडे. एकदा त्याचा हात पोचायच्या आत मी फासा पाहिला. एकोणीस होते. दादा म्हणाला, "अकरा."

मग बाकीचंही आठवायला लागलं. त्यानं स्कूटर विकली होती, 'ट्रॅफिक फार झालंय' म्हणून. तो पेपर बंद करणार म्हणत होता, 'वाचण्यासारखं काही नसतं' म्हणून. चहा बशीत ओतताना तो कपाची कड आधी बोटानं चाचपायचा. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांचे ओरखडे काढले, त्याला फाशावरचा आकडा दिसत नव्हता. आणि दिसत नाही म्हणून तो मोठा आकडा सांगत नव्हता, कारण ती फसवणूक झाली असती. लहान सांगितला असता तर पथकाचं नुकसान. म्हणून मधला. खोटं बोलायची वेळ आली तेव्हाही त्यानं ते मोजूनमापूनच केलं होतं.

मी लगेच, माझ्या स्वभावाप्रमाणे, सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा, डोळे दाखवून ये."

"माझ्या डोळ्यांना काय झालंय? तुझे दाखव."

त्याच्या पुढच्या रविवारी तो आला नाही. फोनवर म्हणाला, काम आहे. कसलं काम? तो दिवसभर त्या खोलीत एकटा बसून होता हे मला पक्कं माहीत होतं. मी घाबरले. आमच्या काकांचे डोळे असेच गेले होते, हळूहळू, कुणाला पत्ता लागू न देता, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले होते की आधी आणायला हवं होतं. दादा उद्या त्या जिन्यावरून गडगडला तर खालच्या दुकानदाराला कळायच्या आधी मला कळणार नव्हतं. आणि मी फार रेटलं असतं तर रविवारीसुद्धा तो दिसला नसता.

तो परत आला तेव्हा मी हुशारी केली. मोठे पांढरे फासे आणले, काळ्या ठळक आकड्यांचे. त्यानं ते बोटांनी चाचपले. "हे बालवाडीतले कुठून आणलेस?" म्हणून परत दिले. मग मी गोष्टीत एक काळीकुट्ट गुहा आणली आणि बाईंच्या तोंडून वदवलं की माझ्याकडे उजेडाचा मंत्र आहे हो, कुणी मागितला तर. सरांनी लगेच हरकत घेतली. न मागता जाहिरात करणं नियमात बसत नाही म्हणाले. दादा म्हणाला, "अंधारात मारतो मी."

मारला. "अकरा."

त्या रात्री मी नवऱ्याला म्हणाले की हा नियम केला तिथेच चुकलं. तो म्हणाला, "नियम तुझ्यासाठीच केला होता." मी त्याच्याशी बोलणं बंद केलं, ते सकाळच्या चहापर्यंत टिकलं.

मग तो झुलत्या पुलाचा रविवार आला. सरांच्या योद्ध्याला एका दगडी दैत्यानं गळा धरून दरीवर लोंबकळत धरलं होतं. नवऱ्याचा चोर पुलाचा तुटका दोर धरून बसला होता, त्याला हात सोडता येत नव्हते. उरला दादाचा धनुर्धारी. त्यानं दैत्याच्या डोळ्यात बाण मारायचा होता. लागला तर सर सुटणार, चुकला तर बाण सरांनाच लागणार.

"किती हवेत?" दादानं विचारलं.

"चौदा," मी म्हणाले. "चौदा किंवा वर."

मी ते मुद्दाम ठरवलं होतं. सूत्रधाराला तेवढा अधिकार असतो. दहा म्हटलं असतं तर त्याचे अकरा चालून गेले असते आणि आम्ही सगळे चहा प्यायला मोकळे झालो असतो. चौदा म्हटल्यावर त्याला एकतर न पाहिलेला भाग 'पास' करावा लागणार होता, नाहीतर सरांनाच बाण मारावा लागणार होता.

त्यानं फासा टाकला. तो टेबलावरून घरंगळत मिठाच्या बरणीला लागून थांबला. दादानं त्यावर हात ठेवला. उचलला मात्र नाही. पंखा फिरत होता. सर पेन्सिल धरून बसले होते, नवऱ्यानं तर खरंच दोर धरल्यासारख्या मुठी आवळल्या होत्या. दादाचा अंगठा फाशावरून फिरत राहिला. मी तोंड उघडलं आणि मिटलं. आयुष्यात इतकं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही.

दादानं हात बाजूला घेतला. तो माझ्याकडे वळला नाही. त्यानं टेबलावर हात फिरवून पांढरा वजीर शोधला, फाशाजवळ आणून उभा केला, आणि त्या लाकडाच्या तुकड्याला म्हणाला:

"बाई, आपण जरा माझा फासा वाचून सांगाल का?"

असा मंत्र नियमपुस्तकात कुठेही नव्हता. मी आठवडाभर कुकरपाशी बसून निवडलेल्या मंत्रांतही नव्हता. सरांनी घसा साफ केला. या माणसानं आजवर एकही नियम सोडला नव्हता.

"बसतं नियमात," सर म्हणाले. "त्यांनी मागितलंय."

मी वाकून पाहिलं. मला वीस हवे होते. निदान चौदा तरी. डोळे पुसून पुन्हा पाहिलं, पण आकडा बदलला नाही.

"चार," बाई म्हणाल्या.

"लागला मला," सर म्हणाले. "खांद्यात. फार नाही."

दादानं वजीर परत जागेवर सरकवला. मग म्हणाला, "अकरा बरे होते." आणि आम्ही सगळे इतके हसलो की चोराच्या हातून दोर सुटला. सरांनी दरीतून पडता पडता बाईंना सवड असल्यास जखम भरून देण्याची विनंती केली. दादाकडे त्यांनी अकराचा विषय काढला नाही, तेव्हाही आणि नंतरही. फक्त दादानं पुढचा फासा टाकल्यावर त्याच्या आधी वाकून, मऊ आवाजात, आकडा वाचला.

चहा झाला. सर वर गेले, नवरा कपबश्या घेऊन आत गेला. दादा टेबलापाशीच बसून होता. मी फासे पिशवीत भरत होते आणि आता आपण काही बोलायचं नाही असं स्वतःला बजावत होते.

त्यानं वजीर पुन्हा पुढे ओढला.

"बाई," तो वजिराला म्हणाला, "उद्या सकाळी आपण मोकळ्या आहात का? डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं म्हणतोय. तो जिना मला आता एकट्यानं उतरवत नाही."

बाईंनी देवळातल्या धीरगंभीर आवाजात 'जरूर' म्हणायला हवं होतं. मला तो आवाज काही केल्या काढता येईना.

"येते, दादा," मी म्हणाले.

"तुला कुणी विचारलं?" तो म्हणाला. "मी बाईंशी बोलतोय." आणि त्यानं चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं खूप वेळ पुसला.